शक्यता आणि संदेह : जुन्या मराठीतील अभिव्यक्ती

खात्री नसलेली, घडेल की नाही हे ठाऊक नसलेली किंवा नुसती कल्पिलेली गोष्ट सांगण्याच्या जुन्या मराठीतील रीती. यांत क्रियापदांची रूपे, लहान अव्यये आणि ठरीव वाक्प्रयोग यांचा समावेश होतो. आजच्या लिखाणात हे काम बहुतांशी ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘शक्यता आहे’ यांच्यावर सोपवलेले असते. यादवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या साहित्यात मात्र संदेहाचे ओझे मुख्यतः क्रियापद वाहते, आणि म्हणूनच ते साहित्य वाचताना एखादी मात्रा निसटली तरी अर्थ निसटतो.

संदेहाचे सर्वांत सुंदर नमुने ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगांत आहेत. ‘तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे’ या ओळीत ‘म्हणों’ हे प्रथमपुरुषी रूप ‘म्हणावे तरी काय?’ अशी मनाची घालमेल दाखवते आणि ‘कीं’ दोन्ही पर्याय खुले ठेवते. पुढचे ‘अनुमानेना अनुमानेना’ म्हणजे अंदाजच बांधता येत नाही. ‘कानडा विठ्ठलु’ म्हणून घरोघरी माहीत असलेल्या रचनेत पाया पडायला गेलेल्या भक्ताला पाऊलच दिसत नाही. ‘समोर कीं पाठिमोरा न कळे’ असे तो म्हणतो. त्याच रचनेत ‘हें तंव कैसेंनि गमे’ असाही प्रश्न येतो. ‘न कळे’, ‘नेणों’, ‘गमे’ ही रोजच्या बोलण्यातली क्रियापदे आहेत, आणि तत्त्वज्ञानातील सर्वांत अवघड कबुली त्यांच्याकरवी दिली गेली आहे. यासाठी वेगळी परिभाषा घडवावी लागली नाही, ही गोष्ट मराठीच्या प्रौढत्वाची मोठी खूण मानायला हवी.

व्याकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो जुना वर्तमानकाळ. ‘करी’, ‘येती’, ‘लाभे’ ही रूपे आज मुख्यतः रीतिभूतकाळात, म्हणजे ‘तो रोज देवळात जाई’ अशा वाक्यांत, उरली आहेत. तेव्हा ती चालू घटना, नेहमीची रीत आणि होऊ शकणारी गोष्ट या तिन्हींसाठी चालत. ज्ञानदेवांच्याच नावावरील अभंगातली, कावळ्याला शकुन विचारणारी विरहिणी पंढरीचा पाहुणा ‘घरा कैं येती’ असे म्हणते. आपण तिथे ‘कधी येतील’ म्हणू. याच रूपाला ‘ल’ जोडून ‘करील’, ‘येईल’ असा भविष्यकाळ बनला. त्यामुळे मराठी भविष्यकाळात अनिश्चितपणा मुरलेला आहे : ‘तो घरी असेल’ हे वाक्य उद्याविषयी नसून आत्ताच्या अंदाजाविषयी असते.

पसायदानात ही रूपे शेजारी शेजारी दिसतात. ‘जो जें वांछील तो तें लाहो’ यातील ‘वांछील’ कोण काय इच्छील हे मोकळे सोडते, तर ‘लाहो’ ते त्याला मिळण्याची इच्छा धरते. ‘सांडो’, ‘वाढो’, ‘जावो’ ही ओकारान्त रूपे पुढे पाच शतकांनी मोरोपंतांच्या ‘सुसंगति सदा घडो’ या श्लोकात तशीच टिकून आहेत. आजही ‘भले होवो’ आणि ‘असो’ यांत ती ऐकू येतात. ‘भले होवो’ असे म्हणणाऱ्याला आपण किती जुने रूप वापरतो आहोत याची जाणीव क्वचितच असते.

‘-आवे’ हे विध्यर्थाचे रूप कर्तव्य सांगते, तसेच तर्कही सांगते : दिवा लागलेला दिसतो, तेव्हा तो घरी असावा. ‘असेल’पेक्षा ‘असावा’ला पुराव्याचा आधार अधिक असतो. सामर्थ्याचा भाव शक्य क्रियापदे, म्हणजे एखादी गोष्ट करता येते की नाही हे सांगणारी रूपे, वाहतात. तुकारामांचे ‘बुडती हें जन न देखवे डोळां’ हे त्याचे ठसठशीत उदाहरण. लोक बुडताना दिसत आहेत, पण ते पाहणे सोसत नाही, एवढे सगळे ‘न देखवे’ या दोन शब्दांत मावते.

सतराव्या शतकातील वामन पंडितांनी भर्तृहरीच्या एका श्लोकाचे केलेले मराठीकरण या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे. मूळ संस्कृतात ‘लभेत’, ‘पिबेत्’ अशी संभावना दाखवणारी रूपे आणि ‘कदाचित्’ हा शब्दही आहे. मराठीत ती रूपे उरली नव्हती. वामन पंडितांनी ‘प्रयत्नें वाळूचे कण रगडितां तेलहि गळे’ असे साध्या जुन्या वर्तमानकाळात लिहिले आणि अशक्याला शक्य करण्याचे काम ‘हि’ या एका अक्षराकडे दिले. ‘कदाचित्’ त्यांना लागलेच नाही. चौथ्या चरणातले ‘धरवेना’ हे पुन्हा शक्य क्रियापदच, नकारासह : वाळूतून तेल निघेल, पण मूर्खाचे मन क्षणभरही सांभाळता येणार नाही.

महानुभाव गद्यात अनिश्चितता निराळ्या कारणाने येते. चक्रधरांच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचले. एकच प्रसंग निरनिराळ्या भक्तांना निरनिराळा आठवत होता. परंपरेने हे भेद पुसून टाकले नाहीत. ते ‘वासना’, म्हणजे पाठभेद, म्हणून नोंदवले, हिराइसा या महानुभाव शिष्येसारख्यांच्या नावाने पाठ राखले. आठवणीविषयीचा हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे.

काही शब्द मात्र लोपले. ज्ञानेश्वरीतील (शके 1212) ‘विपायें’, म्हणजे क्वचित किंवा कदाचित, आज कोणी बोलत नाही. ‘असे समजा’ या अर्थाचे ‘हो कां’ही गेले. ‘जरी – तरी’ ही जोडी टिकली, पण तिच्यातला ‘जरी’ पूर्वी साध्या ‘जर’चेही काम करी, हे नवा वाचक विसरतो.

यादवकालीन रूपांच्या अभ्यासात शं. गो. तुळपुळे यांचे काम पायाभूत आहे. त्यांनी अमेरिकन अभ्यासक अॅन फेल्डहाउस यांच्यासह केलेला जुन्या मराठीचा कोश 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थनिश्चितीत मुद्रणाचाही प्रश्न आहे. ‘म्हणों’ म्हणजे आम्ही म्हणावे का, आणि ‘म्हणो’ म्हणजे तो खुशाल म्हणो. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. आधुनिक गद्याला ते सोयीचे ठरले. जुन्या अभंगांच्या आवृत्त्याही त्याच नियमाने छापल्या, की एका टिंबासरशी विचारणारा माणूसच ओळीतून नाहीसा होतो, म्हणून अशा ओळी सानुस्वार आवृत्तीतूनच उद्धृत कराव्यात.