तीस तासांचा हिशेब: फॅमिली डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरला दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. या तिसाचं मूळ भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. तिच्यातलं वाक्य असं, की डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांना, हजर राहावं. म्हणजे वर्षाला सहा तास. काय शिकावं आणि त्याचा दवाखान्यात काय उपयोग झाला, याबद्दल त्या कलमात काही नाही. त्या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवे नियम काढले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ ची संहिता पुन्हा लागू झाली.

तास मोजण्याची रीत आपली नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत जनरल प्रॅक्टिशनरांची (जीपींची) अकादमी स्थापन झाली. सदस्यत्व टिकवायचं तर तीन वर्षांत १५० तासांचं शिक्षण घ्यायचं, अशी अट तिने घातली. त्या काळात स्पेशालिस्टांचं वजन वाढत होतं आणि ‘नुसता एमबीबीएस’सारखी हेटाळणी तिथल्या जीपींच्याही वाट्याला येत होती. आम्हीही शिकत राहतो, हे दाखवण्याची ती धडपड होती. १९६९ मध्ये तिथे फॅमिली प्रॅक्टिसचं स्वतंत्र बोर्ड आलं. त्याचं प्रमाणपत्र पहिल्यापासून मुदतीचं होतं, ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागे. १९७१ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने परवान्याच्या नूतनीकरणाला शिक्षणाची अट जोडली.

आपल्याला जास्त शिकवून जातो तो ब्रिटनचा अनुभव. तिथे १९५२ मध्ये जीपींचं स्वतःचं कॉलेज, म्हणजे व्यावसायिक संस्था, उभं राहिलं. त्याआधी १९५० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जोसेफ कॉलिंग्ज यांचा पाहणी अहवाल आला होता, आणि काही दवाखान्यांची त्यातली अवस्था वाचून देश हादरला होता. १९९० च्या नव्या करारात सरकारने शिक्षणासाठी भत्ता सुरू केला. वर्षाला सुमारे पाच दिवसांचं शिक्षण घ्यायचं आणि ते तीन विषयांत वाटलेलं असायचं: आरोग्यसंवर्धन, आजारांवरील उपचार आणि दवाखान्याचं व्यवस्थापन. हजेरी वाढली, पण बरेच डॉक्टर आपल्याला आवडणाऱ्या, आधीच बऱ्यापैकी माहीत असलेल्या विषयांच्या व्याख्यानांना जात. ज्यात आपण कच्चे आहोत तो विषय टाळावा, हा मनुष्यस्वभावच आहे. हजेरीवर पैसे मिळत असतील तर त्याला आळा बसत नाही. १९९८ मध्ये मुख्य वैद्यकीय अधिकारी केनेथ कॅलमन यांच्या आढाव्याने या पद्धतीवर टीका केली आणि दवाखान्याच्या गरजेनुसार शिक्षणाची आखणी करायला सांगितलं. टोरांटोच्या डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांचे १९९५ आणि १९९९ चे आढावेही तेच सांगत होते: नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरची औषधं लिहिण्याची सवय बदलत नाही.

मग आलं शिपमन प्रकरण. जानेवारी २००० मध्ये हॅरल्ड शिपमन या ब्रिटिश जीपीला १५ रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. चौकशीच्या अहवालांनी डॉक्टरांच्या नियामक संस्थेवर कडक ताशेरे ओढले, त्यामुळे २००५ मध्ये सुरू होणारं फेरप्रमाणीकरण (डॉक्टर काम करायला अजून योग्य आहे का, याची ठरावीक काळाने होणारी तपासणी) लांबलं आणि अखेर डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झालं. त्यात जीपीने वर्षाला ५० क्रेडिट मिळवावेत अशी अपेक्षा होती. शिवाय दरवर्षी दुसऱ्या प्रशिक्षित डॉक्टरसमोर बसून वर्षभराच्या कामाचा आढावा द्यायचा. सोबत स्वतःच्या कामाची तपासणी, चुकलेल्या किंवा थोडक्यात निभावलेल्या केसेस, सहकाऱ्यांची आणि रुग्णांची मतं, तक्रारी. आपल्या नियमात नसलेली गोष्ट नेमकी हीच आहे.

फेरप्रमाणीकरण सुरू होण्याआधीच इंग्लंडमधल्या टाँटनच्या रिचर्ड ईव्ह या जीपींनी एक साधी युक्ती रूढ केली. वहीच्या पानावर दोन रकाने आखायचे. रुग्ण बाहेर पडला की डाव्या रकान्यात लिहायचं, त्याची कोणती गरज आपल्याकडून भागली नाही. उजवीकडे लिहायचं, ती भागवायला आपल्याला काय शिकावं लागेल. पंधरा दिवसांत विषयांची यादी आपोआप तयार होते, आणि ती सीएमईच्या निमंत्रणपत्रिकेवरच्या विषयांपेक्षा फार वेगळी निघते.

आपल्याकडे इंडियन मेडिकल असोसिएशनने जीपींसाठी १९६३ मध्ये कॉलेज काढलं. गावोगावच्या शाखांनी रविवारची व्याख्यानं टिकवून धरली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. अडचण आहे ती विषय आणि पैसा कुठून येतो याची. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यावर डिसेंबर २००९ मध्ये बंदी आली. २०१६ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांना त्या कलमातून वगळण्यात आलं. त्यामुळे सभागृहाचं भाडं आणि जेवण कंपनीने द्यायचं, वक्ता मोठ्या रुग्णालयातून यायचा, ही रीत चालू राहायला वाट मिळाली. आणखी एक गोष्ट विसरली जाते. महाराष्ट्रात लोक ज्यांना फॅमिली डॉक्टर म्हणतात त्यांपैकी पुष्कळजण बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) आहेत. त्यांच्या परिषदा वेगळ्या, म्हणून वैद्यक परिषदेची तिसाची अट त्यांना लागतच नाही.

स्वतःचं काम तपासायला परवानगी लागत नाही, खर्चही येत नाही. जुलाबाचं मूल हे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ पासून ओआरएससोबत झिंक द्यायला सांगितलं आहे. आपल्याकडचा डोस सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा. पाच वर्षांखालच्या जुलाबाच्या मुलांचे लागोपाठचे २० केसपेपर काढा. तीन गोष्टी मोजा: ओआरएस लिहिलं का, झिंक १४ दिवस लिहिलं का, आणि शौचात रक्त नसताना अँटिबायोटिक लिहिलं का. पेपर निवडून घेतले तर आकडा खोटा येतो, म्हणून लागोपाठचेच घ्यायचे. केसपेपर ठेवत नसाल तर महिनाभर एका रजिस्टरमध्ये नोंद करा. दहा-बारा प्रश्नांचा तक्ता आखू नका, तो आठवड्याभरात बंद पडतो.

मग कारण शोधायचं. झिंक पाचच दिवस लिहिलं जात असेल तर बहुधा जुलाब थांबेपर्यंतच औषध द्यायची सवय आड येते. कधी आईच बाटली अर्ध्यावर ठेवून देते, कारण मूल खेळायला लागलेलं असतं. पहिल्यावर उपाय म्हणजे ‘झिंक × १४ दिवस’ असा रबरी शिक्का. दुसऱ्यावर उपाय म्हणजे बाटलीवर शेवटच्या डोसची तारीख मार्करने लिहून देणं. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा लागोपाठचे २० पेपर घ्यायचे आणि त्याच तीन गोष्टी मोजायच्या. ही दुसरी मोजणी बहुतेक ठिकाणी राहून जाते.