शाकुदो

तांब्यात थोडे सोने मिसळून केलेला पारंपरिक जपानी मिश्रधातू. सोन्याचे प्रमाण बहुधा ३ ते ५ टक्के. सोने घालायचे ते धातू काळा व्हावा म्हणून, हे याचे नवल. नावाचा अर्थ ‘तांबडे तांबे’ असा आहे आणि ओतल्यावर तो साध्या तांब्यासारखाच दिसतो. त्याचा खरा रंग पुढच्या संस्कारात उमलतो.

या संस्काराला निइरो म्हणतात. घडवलेली वस्तू कोळशाच्या बारीक पुडीने घासून तेलकटपणा पार काढतात, किसलेल्या पांढऱ्या मुळ्यात बुडवतात आणि मग रोकुशोच्या, म्हणजे जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज) व मोरचूद यांच्या पाण्यात सतत हलवत उकळतात. पृष्ठभागावर निळसर झाक असलेले गर्द काळे पुट चढते. शिबुइची (शब्दशः ‘चारात एक’) या दुसऱ्या जपानी मिश्रधातूत तांब्याबरोबर साधारण चौथा हिस्सा चांदी असते. त्याच पाण्यात तो राखाडी होतो. शुद्ध तांबे लालसर होते, सोने-चांदी जशीच्या तशी राहतात. म्हणून एकाच चकतीवर हे सारे धातू जडवून ती एकदाच उकळली की रंगीत चित्र तयार होते. एवढी सुंदर युक्ती धातुकामात क्वचितच सापडते. बीदरच्या बिद्रीकामातही काळेपण लेप देऊन धातूतूनच काढतात, पण तिथला मूळ धातू मुख्यतः जस्त असतो.

तलवारीच्या साजासाठी, म्हणजे मूठ व पाते यांच्यामधली चकती (त्सुबा), मुठीवरच्या वेष्टनाखाली बसवायची नक्षी (मेनुकी), म्यानात खोचायच्या छोट्या सुरीची मूठ (कोझुका) यांसाठी शाकुदो विशेष वापरला गेला. असा साज घडवणाऱ्या गोतो घराण्याचे मूळपुरुष गोतो यूजो (१४४०–१५१२) यांनी आशिकागा योशिमासा या शोगुनची (लष्करी शासकाची) सेवा केली. पुढे हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत राहिले. त्यांच्या कामात शाकुदोवर पोकळ टोकाच्या छिन्नीने एकेक ठोका देत माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे उठवलेले असतात. या पोताला नानाको म्हणतात. ओळ जराही ढळलेली दिसत नाही.

१८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि कारागिरांचे गिऱ्हाईक तुटले. अनेक जण फुलदाण्या, पेट्या घडवू लागले. तलवारींचा साज घडवणारे कानो नात्सुओ (१८२८–९८) यांनी मेइजी सम्राटाच्या काळातील नाण्यांची नक्षी केली.

शाकुदोचे पुट अतिशय पातळ असते. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंचेने घासतात, तसा त्सुबा घासला तर काळेपण निघून जाते आणि खाली तांबूस धातू दिसू लागतो.