जुन्या ॲम्बेसेडरला पाच गिअरचा गिअरबॉक्स: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालं की चार गिअरची जुनी ॲम्बेसेडर थोड्याच वेळात ओरडायला लागते. चौथा गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिन आणि मागे जाणारा शाफ्ट सारखेच फेरे घेतात; त्याच्या पुढे काही नाही. पाचवा असेल आणि त्याचं प्रमाण ०.८५ धरलं, तर गाडीच्या त्याच वेगाला जिथे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतं तिथे २,५५० मध्ये भागतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना हा फरक टेम्परेचरच्या काट्यावर दिसतो. ॲम्बेसेडर बनवणाऱ्या हिंदुस्तान मोटर्सनेच नव्वदच्या दशकात १,८०० सीसी इसुझू इंजिनाबरोबर पाच गिअर दिले होते. त्यामुळे तोच गिअरबॉक्स जुन्या गाडीत बसवावा, हा विचार कुणाच्याही मनात येतो.

माझं सांगणं एवढंच, की गिअरबॉक्स विकत घेण्याआधी गाडी कोणत्या नोंदणीत ठेवायची ते ठरवा. ‘विंटेज’ नोंदणी आणि रोजच्या वापराची नोंदणी या दोन वेगळ्या वाटा आहेत. एकीवर चालणारं काम दुसरीवर अडतं.

विंटेज नोंदणी हवी असेल तर

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१अ पासूनचे नवे नियम घातले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. म्हणजे १९७४ साली नोंद झालेली फियाट आता वयाने पात्र आहे. पण वय पुरेसं नाही. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी शेल (पत्र्याचा साचा) किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नियमात गिअरबॉक्सचं नाव वेगळं घेतलेलं नाही, म्हणून बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात. तिथेच चूक होते. नवा गिअरबॉक्स लांब असेल आणि त्यासाठी फ्लोअर कापला किंवा टनेल (फ्लोअरच्या मधला उंचवटा, ज्याखाली गिअरबॉक्स बसतो) उंच केला, तर तो बॉडी शेलमधला बदल झाला.

हे आमच्याच घरात घडलं. अमळनेरच्या मामांची १९६८ ची मार्क टू ॲम्बेसेडर. स्टिअरिंगवरच्या गिअरचा मूळ गिअरबॉक्स काढून खाली लिव्हर असलेला बसवायचा होता. दुसऱ्या शहरातल्या एका मिस्त्रीने न विचारता गॅस कटरने फ्लोअरला हातभर भोक पाडलं आणि वरून पत्रा वेल्ड केला. आजही मॅट उचललं की ती ओबडधोबड वेल्डिंगची शिवण दिसते. काही वर्षांनी विंटेजचे नियम आले, तेव्हा कळलं की तो दरवाजा आपण आधीच बंद करून बसलोय.

ज्यांची गाडी अस्सल आहे त्यांनी अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा. सोबत विमा पॉलिसी, शुल्क आणि भारतात आधी नोंद असेल तर जुनं आरसी बुक. आयात गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि पुढच्या वेळी ५,००० रुपये. राज्याने नेमलेली समिती गाडी पाहते. पात्र ठरली की ६० दिवसांत फॉर्म २३अ मध्ये प्रमाणपत्र मिळायला हवं. भारतात आधी नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर राहू शकतो; नवा घेतला तर त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि त्यासाठीची देखभाल व इंधन भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. दर शनिवारी चाळीसगावहून कन्नड घाट चढून पाहुण्यांकडे जाणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

रोज चालवायची असेल तर

इथे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. पण त्याच कलमात ‘बदल’ म्हणजे काय तेही दिलंय: रचनेत असा फरक, ज्याने गाडीचं मूलभूत स्वरूप बदलतं. आरसीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी, इंधन, आसनसंख्या, वजन असे रकाने असतात. गिअरबॉक्सचा रकाना नसतो. इंजिन तेच ठेवून फक्त गिअरबॉक्स, तोही मूळ माउंटिंगला नटबोल्टने बसणारा, असेल तर तुमची बाजू भक्कम असते. इंजिनासकट बदललात की इंजिन नंबर बदलतो आणि प्रकरण वेगळ्या पातळीवर जातं. तरीही बाजू भक्कम आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं. कामाआधी आरटीओला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि लेखी उत्तर येईपर्यंत गाडी उघडू नका. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अर्ज आपल्या पत्त्याच्या कार्यालयात: धुळे एमएच-१८, जळगाव एमएच-१९, नंदुरबार एमएच-३९, आणि आता चाळीसगाव एमएच-५२. खानदेशात सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते मालकीवर. गाडी अजून आजोबांच्या नावावर असते. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. दुसरी अडचण तीन अक्षरी जुन्या नंबरांची. त्यांची नोंद बहुधा संगणकात नसते. मूळ आरसी बुक दाखवून बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकात भर, करून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. तिसरी मुदतीची: १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण लागतं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचं शुल्क १०,००० रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा.

अर्जासोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार आणि पत्त्याचा पुरावा हे नेहमीचंच. खरी मदत होते ती गिअरबॉक्सच्या बिलाची. भंगार बाजारातून रोखीने उचललेल्या मालाला बिल नसतं, आणि तो चोरीच्या गाडीचा निघाला तर तुम्ही अडकता. बिलावर गिअरबॉक्सचा नंबर आणि तो कोणत्या गाडीतून निघाला ते लिहून घ्या. गॅरेजचं पत्र घ्या: इंजिन तेच आहे, फ्लोअर आणि क्रॉसमेंबर (गाडीखालची आडवी पट्टी) कापलेला नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी अॅडॉप्टर प्लेट कशी बसवणार, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट किती कमी करणार, स्पीडोमीटरची केबल चालणार की नाही. गाडीखालून काढलेले आधीचे फोटो तारखेसह जोडा. नंतरचे फोटो काम संपल्यावर द्या.

तपासणीच्या दिवशी चेसिस नंबरची पेन्सिल छाप लागते. जुन्या गाडीवर हा नंबर ग्रीस आणि रंगाच्या थरांखाली दबलेला असतो. आदल्या दिवशी रॉकेलच्या फडक्याने पुसा, पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर अजिबात मारू नका. खरवडलेला नंबर पाहिला की निरीक्षकाला खाडाखोडीचा संशय येतो आणि तो योग्यच असतो. गाडीखाली तो टॉर्च घेऊन पाहतो, म्हणून ताजा अंडरकोटही (गाडीखाली मारायचा काळा लेप) मारू नका.

परवानगी मिळाली की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. न कळवलेल्या बदलावर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो.

आणि काढलेला मूळ गिअरबॉक्स विकू नका. तेल भरून, तोंडं बंद करून, नंबरची चिठ्ठी बांधून ठेवा. मामांचा तो अजून धान्याच्या कोठीशेजारी गोणपाटात गुंडाळलेला आहे. फ्लोअर नीट करणारा चांगला पत्राकाम करणारा मिळाला, की हा गिअरबॉक्स परत चढवायचा आहे.