ताटली फुटते ती कातडीपासून

दिवाळी जवळ आली की डिनर सेटच्या जाहिरातींत ‘अनब्रेकेबल’ हा शब्द हमखास दिसतो. न फुटणारी काच अजून कुणी बनवलेली नाही. मिळते ती उशिरा फुटणारी काच. हा उशीर येतो कुठून हे ठाऊक असेल, तर दुकानात ताटली उलटीपालटी करून नेमकं काय बघायचं तेही कळतं.

काच आणि चिनी माती दाबून फोडणं कठीण, ताणून फोडणं सोपं. ताण आला की पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा उघडत जातो, दाबाखाली तो मिटलेला राहतो. ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ मध्ये याचं गणित मांडलं. काचेची ताकद भेगेच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे ओरखडा चौपट खोल झाला की ताकद निम्मी. ताटली पडते तेव्हा ती वाकते, एक बाजू ताणली जाते, आणि तिथल्या सगळ्यात वाईट ओरखड्यापासून तडा धावतो. मग उपाय एकच: कातडी, म्हणजे ताटलीचा पृष्ठभाग, कायमची दाबात ठेवायची. आघाताला आधी तो दाब संपवावा लागतो, ताण त्यानंतर.

चिनी मातीत हे काम झिलई करते. झिलई म्हणजे मातीच्या अंगावर वितळवून बसवलेला काचेचा पातळ थर. भट्टी निवताना साधारण ६०० अंश सेल्सियसच्या आसपास ती घट्ट होते. तिथून पुढे अंग आणि झिलई दोन्ही आकसतात, पण सारखी नाही. समजा, दर अंशाला अंग दहा लाखांत ७ भाग आकसतं आणि झिलई ६ भाग. ३० अंशांपर्यंत येताना ५७० अंशांचा उतार, म्हणजे फरक दहा लाखांत ५७० भाग. २७ सेंटिमीटरच्या ताटलीत हा जेमतेम ०.१५ मिलिमीटर! पण काचेचा यंग गुणांक, म्हणजे तिच्या ताठपणाचं माप, सुमारे ७० गिगापास्कल. गुणाकार केला की ४० मेगापास्कल येतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० किलोचा दाब. (दाब दोन दिशांनी असल्याने प्रत्यक्षात आकडा थोडा जास्तच.) केसाएवढ्या फरकातून ताटलीला चिलखत मिळतं.

हाच फरक उलटा पडला, म्हणजे झिलई जास्त आकसली, तर ती ताणात जाते आणि तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. फरक योग्य दिशेचा पण फार मोठा असेल तर कडेवरून झिलईचे पापुद्रे सुटतात. कमी तापमानाला भाजलेल्या सच्छिद्र भांड्यांत तर दुकानात सगळं ठीक दिसतं. पुढे अंग ओलावा पिऊन किंचित फुगतं, झिलईचा दाब संपतो आणि काही वर्षांनी रेघा येतात. त्यांत आधी चहा शिरतो, मग हळद. हॉटेलात अशी ताटली बादच करावी, कारण भेगांतलं अन्न धुऊन निघत नाही.

घेताना बुडाच्या बिनझिलईच्या कडीवर शाईचा थेंब ठेवा आणि मिनिटभराने धुवा. डाग मुरला तर अंग सच्छिद्र. मग ताटली बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारा: घणघणली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा असू शकतो. बोन चायना नाजूक असते हा गैरसमज आहे. तिच्यात साधारण निम्मी हाडांची राख असते आणि पातळ असूनही ती चांगली दणकट असते. ज्यांना ही राख चालत नाही, त्यांना ओपल काच आहेच.

ओपलचा दुधी रंग तिच्यातल्या सूक्ष्म फ्लोराइड स्फटिकांचा. टफन्ड ओपलमध्ये तापलेल्या ताटलीवर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला आवळून धरतो. पण कातडी दाबात म्हणजे पोट ताणात. दाबाचा थर दोन्ही बाजूंनी साधारण जाडीच्या एक पंचमांशापर्यंतच असतो. ओरखडा हवेतल्या बाष्पाच्या मदतीने हळूहळू वाढतो आणि एक दिवस त्यापलीकडे पोचतो. मग कपाटात ठेवलेली ताटलीही ठिकऱ्या होऊन फुटते. घरात लगेच नजर, करणी, ‘मोठं संकट टळलं’ सुरू होतं. करणी असलीच तर ती वाळू मिसळलेल्या, भांडी घासायच्या पावडरीची! वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापात ७, झिलई आणि काच त्याखाली.

म्हणून घरी हलकी ओपल चालेल, पण गर्दीच्या हॉटेलात पूर्ण काचाळलेली (अंगात छिद्रं न उरलेली), गोल जाड कडेची पोर्सिलेन बरी. तिचा बहुधा टवका उडतो किंवा मोजके तुकडे होतात, ठिकऱ्या शेजारच्या उघड्या भाजीत जात नाहीत. बुडाची कडी गुळगुळीत घासलेली हवी, नाहीतर चळतीतली वरची ताटली खालचीची झिलई खरवडते. महाग ताटल्यांमध्ये कागदी रुमाल घालावा. मेलामाइन, म्हणजे कडक प्लास्टिकची ताटली, सहसा फुटत नाही हे खरं, पण ७० अंशांपुढचं अन्न आणि मायक्रोवेव्ह तिला वर्ज्य, कारण फॉर्माल्डिहाइड हे अपायकारक रसायन सुटतं.

जुळवणीत लोक नक्षी बघतात, फसवतो तो पांढरा रंग. बोन चायना किंचित पिवळसर, ओपल निळसर, पोर्सिलेन बहुधा करडी. शेजारी ठेवल्या की एक मळकी वाटते, म्हणून दिवसाउजेडी ताडून पाहा. सुटे नग मिळतील अशीच मालिका घ्या आणि सहा जणांच्या घराला आठ ताटल्या. आपल्या जेवणाला रुंद कडेची ताटली गैरसोयीची: २७ सेंटिमीटरमध्ये सपाट भाग १७-१८ सेंटिमीटरच उरतो आणि तो ८ सेंटिमीटरच्या तीन वाट्यांनीच भरतो. पोळी कुठे ठेवायची? बिनकडेची घ्या. हॉटेलवाल्यांनी मोठी ताटली भांडी धुण्याच्या मशीनच्या ५०० मिलिमीटर चौरस रॅकमध्ये नीट बसते का, ते ऑर्डरीआधी बघावं.

आणि चमच्यांच्या करड्या रेघा दिसल्या म्हणून ताटली टाकू नका. त्या बहुतेकदा ओरखडे नसतात, झिलईवर घासून चढलेलं पोलाद असतं. लिंबूफुलाचा ओला लेप काही वेळ ठेवून मऊ फडक्याने पुसलं की निघतात. तारेच्या काथ्याने मात्र धातू आणखीच चढतो.