बसवलेलं की सुचलेलं: ऑलमन ब्रदर्स आणि लिनर्ड स्किनर्ड

सदर्न रॉकचा, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॉक संगीताचा विषय निघाला की ही दोन नावं एका दमात घेतली जातात, आणि नवख्याची गल्लत होते. दोन्ही बँड मूळचे फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचे, दोघांकडे लांब केसांचे एकाहून अधिक लीड गिटारवाले, दोघांच्या वाट्याला अपघात. त्यात स्किनर्डवाले स्टेजवर आपलं ‘फ्री बर्ड’ हे गाणं ऑलमनच्या गिटारवाल्या ड्युएन ऑलमनला अर्पण करायचे. झाला घोळ!

फरक ओळखायचा तर आधी ड्रम ऐका. ऑलमनकडे दोन ड्रमर: बुच ट्रक्स गाडी रेटणारा आणि जेमो जॅझचा वेडा. ‘व्हिपिंग पोस्ट’ त्यांच्या पहिल्या अल्बमवर पाचेक मिनिटांत आटपतं. तेच मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात लाइव्ह रेकॉर्ड झालं तेव्हा 23 मिनिटं चाललं. वाढलेलं सगळं तिथल्या तिथे सुचलेलं. मध्ये ताल जवळजवळ विरून जातो, गिटार चाचपडते आणि मग सगळे पुन्हा एकत्र येतात. त्याच फिलमोरच्या अल्बमवरच्या ‘स्टेट्सबोरो ब्लूज’मध्ये ड्युएनचा स्लाइड ऐका. सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून तो तारांवरून सरकवायचा.

स्किनर्डचं सगळं बसवलेलं. पत्र्याच्या छपराच्या खोपट्यात, फ्लोरिडाच्या उकाड्यात गायक रॉनी व्हॅन झँट पोरांकडून तास न् तास घोटून घ्यायचा. ‘फ्री बर्ड’च्या शेवटी चारेक मिनिटं नुसती गिटार आहे. रेकॉर्डवर गिटारवाल्या अॅलन कॉलिन्सने तो सोलो वाजवून त्यावर पुन्हा तसाच वाजवून चढवला. सुचेल तसं वाजवणाऱ्याला हे जमत नाही.

बँड म्हणून मी ऑलमनला वर ठेवतो, पण ऑक्टोबर 1971 पर्यंतच्या. तेव्हा ड्युएन मोटारसायकल अपघातात गेला, 24व्या वर्षी. पुढे 1973 चं त्यांचं ‘रॅम्बलिन मॅन’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. छान आहे, पण कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण गाण्यांच्या अंगाने जाणारं, त्या जुन्या बँडचं वाटत नाही. साडेचार मिनिटांत अख्खं गाणं उभं करण्यात मात्र स्किनर्ड सरस. ‘स्वीट होम अलाबामा’ची गिटार दोन सेकंदांत ओळखू येते. गंमत म्हणजे ते लिहिणाऱ्या तिघांतला एकही अलाबामाचा नव्हता. आणि 1977 मध्ये विमान पडून रॉनी गेला तेव्हा स्किनर्ड दहा वर्षं थांबलाच.