शक्यतेच्या रकान्यात काय लिहायचे? एआय नियमनातील जोखीम मूल्यांकनाची पार्श्वभूमी

युरोपीय संघाच्या एआय कायद्यात जोखमीची व्याख्या एका ओळीत आटोपली आहे: हानी घडण्याची शक्यता आणि तिची तीव्रता, या दोहोंचा मेळ. कलम ३ मधली ही ओळ एआयसाठी घडवलेली नाही. वैद्यकीय उपकरणांच्या आयएसओ १४९७१ या मानकात ती जवळपास शब्दशः सापडते, आणि तिच्यामागे यंत्रसुरक्षेची कित्येक दशके आहेत. आजच्या वादांपैकी बरेचसे या उसन्या ओळीतल्या एकाच शब्दापाशी येऊन अडतात, तो म्हणजे शक्यता.

१९४९ साली अमेरिकी लष्कराने बिघाडांचे पद्धतशीर विश्लेषण करण्याची कार्यपद्धती लिहून काढली. पुढे कारखान्यांत तिला आकडे जोडले गेले. तीव्रता, वारंवारता आणि बिघाड नजरेतून सुटण्याचा संभव यांना प्रत्येकी १ ते १० गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. यातली खोट लगेच दिसते. जीव घेऊ शकणारा पण दुर्मीळ बिघाड: १० × २ × ३ = ६०. किरकोळ, नेहमीचा बिघाड: ३ × ५ × ५ = ७५. तक्त्यात दुसरा वर चढतो. मोटार उद्योगाच्या २०१९च्या हस्तपुस्तिकेने हा गुणाकार मोडीत काढला, तो याच जातीच्या अडचणींमुळे.

तरीही त्या आकड्यांच्या पायाशी मोजमाप होते. हजार बेअरिंगे चालवून किती तासांनी किती निकामी झाली, हे नोंदवता येते. १९७५च्या अमेरिकी अणुभट्टी सुरक्षा अभ्यासाने तर मोठ्या अपघातांचा अनुभव हाताशी नसताना सुट्या भागांच्या बिघाडदरांवरून अपघाताची शक्यता बांधत नेली.

सॉफ्टवेअरने ही वाट बंद केली. सॉफ्टवेअर झिजत नाही. चूक असेल तर ती पहिल्या दिवसापासून आत बसलेली असते आणि ठरावीक परिस्थिती आली की प्रत्येक वेळी प्रकटते. म्हणून वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या आयईसी ६२३०४ या मानकाने २००६ मध्ये रोखठोक भूमिका घेतली: सॉफ्टवेअरच्या बिघाडातून धोका उद्भवू शकत असेल, तर त्या बिघाडाची शक्यता १०० टक्के धरा आणि वर्गवारी तीव्रतेवरून करा. आमच्या मते या क्षेत्रातला हा सर्वात प्रामाणिक नियम आहे.

डेटावरून शिकणाऱ्या मॉडेलमुळे गुंता वाढला, कारण इथे टक्केवारी मिळते आणि तीच फसवते. समजा, १,००,००० अर्जांपैकी १ टक्का, म्हणजे १,००० अर्ज लबाडीचे आहेत. मॉडेल त्यातले ९० टक्के पकडते: ९००. उरलेल्या ९९,००० प्रामाणिक अर्जांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवते: ४,९५०. संशयितांच्या यादीत ५,८५० नावे आली आणि त्यातली सुमारे ८५ टक्के निर्दोष. चाचणीच्या अहवालात मात्र ‘९५ टक्के अचूक’ असेच छापले जाते. त्यात मॉडेल एका लोकसमूहावर तपासून दुसऱ्यावर वापरले, की तो ५ टक्क्यांचा आकडाही हातचा जातो. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या छाननीत कर खात्याच्या जोखीम-वर्गीकरण प्रणालीने अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही एक निकष धरला होता. हजारो कुटुंबांवर लबाडीचा चुकीचा ठपका बसला, वसुली लागली, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी सरकारने राजीनामा दिला.

कॅनडाने स्वयंचलित निर्णयप्रणालींबाबतच्या २०१९च्या निर्देशात सरकारी खात्यांसाठी प्रश्नावली आणली. उत्तरांच्या गुणांवरून प्रणालीच्या परिणामाच्या चार पातळ्या ठरतात, दर २५ टक्क्यांना एक. खबरदारीच्या उपायांना ८० टक्के किंवा अधिक गुण मिळाले, तर मूळ गुणांतून १५ टक्के वजावट मिळते. त्यामुळे ५८ टक्क्यांचा, तिसऱ्या पातळीवरचा प्रकल्प दुसऱ्या पातळीवर उतरतो आणि त्याच्यावरची बंधने सैल होतात. प्रश्नावली भरणारे खाते प्रकल्प राबवणारेच असते, हे इथे विसरून चालणार नाही.

युरोपने वेगळा मार्ग धरला. फेब्रुवारी २०२०च्या श्वेतपत्रिकेत कडक नियम लागू होण्यासाठी क्षेत्रही जोखमीचे हवे आणि त्यातला वापरही, अशी दुहेरी अट होती. रुग्णालयातली भेटीच्या वेळा ठरवणारी प्रणाली त्यामुळे सहसा बाहेर राहिली असती. एप्रिल २०२१च्या मसुद्यात आणि पुढे कायद्यात उच्च जोखमीच्या वापरांची थेट यादी झाली: परिशिष्ट ३ मधली नोकरभरती, शिक्षण, पतगुणांकन, पोलीस तपास यांसारखी क्षेत्रे. म्हणजे शक्यता मोजण्याचे काम प्रत्येक प्रणालीपुरते न ठेवता कायदेमंडळाने ते एकदाच, वापराच्या प्रकारावरून उरकले. कलम ६(३) ने नंतर एक दार किलकिले ठेवले. काम निव्वळ पूर्वतयारीचे किंवा मर्यादित कार्यपद्धतीचे असेल, तर प्रणाली यादीतून सुटू शकते. हा निर्णय उत्पादक स्वतः घेतो, फक्त तो लिहून ठेवून नोंदणी करावी लागते. व्यक्तींचे प्रोफाइलिंग, म्हणजे माहितीवरून माणसांविषयी आपोआप अंदाज बांधणे, असेल तर मात्र सूट नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि यादी अपुरी ठरली, कारण अशा मॉडेलचा वापर आधी ठरलेलाच नसतो. तडजोड म्हणून प्रशिक्षणाला लागलेल्या गणनेचा, म्हणजे संगणकाने केलेल्या एकूण आकडेमोडींचा, आकडा आला. ती १० च्या २५व्या घाताहून अधिक असेल, तर मॉडेल प्रणालीगत, म्हणजे समाजभर पसरू शकणाऱ्या, जोखमीचे मानले जाते. अमेरिकेच्या ऑक्टोबर २०२३च्या एआयविषयक अध्यक्षीय आदेशात ही रेषा २६व्या घातावर होती. तो आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. गणना मोजायला सोपी आहे, पण तिच्यावरून हानीची शक्यता कळत नाही.

शक्यतेचा रकाना खऱ्या नोंदींनी भरण्याची सोय कायद्यात एका ठिकाणी आहे: कलम ७३. गंभीर घटना कळल्यापासून जास्तीत जास्त १५ दिवसांत, मृत्यू झाल्यास १० दिवसांत उत्पादकाने ती प्राधिकरणाला कळवायची. पण मुदत सुरू होते ती उत्पादकाला घटना समजल्यावर. बेअरिंग तुटले की आवाज होतो. अर्ज नामंजूर झालेल्या माणसाला त्यामागे मॉडेल होते, हेच ठाऊक नसेल, तर तो तक्रार कोणाकडे नेणार आणि ती उत्पादकापर्यंत पोहोचणार कशी?