मुए थाई की कुन ख्मेर: भांडणाची मुळं

मे २०२३ मध्ये आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धा पहिल्यांदाच कंबोडियात भरल्या. यजमानांनी 'मुए' हा ठोसे-लाथांचा झुंजीचा खेळ, थायलंड ज्याला मुए थाई म्हणतं, 'कुन ख्मेर' या आपल्या नावाने ठेवला आणि थायलंडने त्यात खेळाडू पाठवायला साफ नकार दिला. रिंग तशीच, कोपर-गुडघ्यांचे तडाखेही तेच. बिनसलं ते नावावरून, म्हणजे हा खेळ मूळचा कुणाचा यावरून.

कंबोडियाची सारी भिस्त दगडावर आहे. बायोन आणि बांते छमार या मंदिरांच्या भिंतींवर बाराव्या-तेराव्या शतकातले झुंजणारे मल्ल कोरलेले दिसतात. अयुथयाचं, म्हणजे थाई लोकांचं जुनं राज्य उभं राहिलं १३५१ मध्ये. तेव्हा थोरला कोण आणि धाकटा कोण हे उघड आहे, असं ख्मेर मंडळी, म्हणजे कंबोडियाचे लोक, म्हणतात. पुढे १४३१ च्या सुमारास अयुथयाने ख्मेरांची राजधानी आंग्कोर जिंकलं आणि ख्मेर दरबाराच्या कित्येक रीती उचलल्या, यावरही फारसा वाद नाही. पण शिल्पातला उगारलेला हात आजच्या रिंगमधल्या डावांचा थेट पूर्वज आहे, हे काही दगड सांगत नाही. शिवाय खुद्द आंग्कोर १९०७ पर्यंत सयामच्याच, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्याच, ताब्यात होतं. कंबोडियावर तेव्हा सत्ता असलेल्या फ्रेंचांनी तहात ते सोडवून घेतलं, ही गोष्ट दोन्हीकडे अजून बोचते.

थायलंड सांगतं ती माणसाची गोष्ट. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुथया जाळलं आणि हजारो कैदी नेले. त्यातल्या नाय खानोम तोमने १७७४ मध्ये ब्रह्मी राजासमोर एकामागून एक दहा जणांना लोळवलं म्हणे. १७ मार्चला त्याचा दिवस पाळतात. गोष्ट फक्कड आहे, पुरावा म्हणून मात्र लंगडी.

माझ्या मते थायलंडची खरी ताकद खूप अलीकडची आहे. मुठींना दोर गुंडाळून चालणाऱ्या झुंजींना विसाव्या शतकात बँकॉकने रिंग, फेऱ्या आणि हातमोजे दिले. १९२८ च्या सुमारास अशाच एका झुंजीत एक योद्धा मेला आणि त्यानंतर हातमोजे आले, असं सांगतात. मेलेला योद्धा ख्मेर होता! १९३९ मध्ये सयामचा थायलंड झाला, १९४५ मध्ये राजादामनर्न स्टेडियम उघडलं, आणि मुए थाई हा जगभर विकता येईल असा खेळ बनला. तिकडे कंबोडियात १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात जुन्या उस्तादांची जवळजवळ एक पिढीच संपली. म्हणजे एक जण विचारतो 'आधी कुणाकडे होतं?', दुसरा उत्तर देतो 'घडवलं कुणी?'

दोघांच्या रिंगणात जाऊन बसलं तर फरक सांगणं अवघड जातं. लढतीआधी गुरुवंदना, सनईच्या जातीचं वाद्य, ढोल आणि टाळ. लढत रंगली की लयही चढते. थाई डावांमध्ये 'हनुमान अंगठी अर्पण करतो' नावाचा एक डाव आहे: दोन्ही मुठी एकदम खालून हनुवटीवर. अशोकवनातली ती अंगठी आपल्याला वेगळी सांगायला नको. थायलंडचे अनेक नामांकित योद्धे सुरिन, बुरीराम या सीमेलगतच्या प्रांतांतले, जिथे आजही घराघरांत ख्मेर बोलतात. म्यानमारमध्ये याचाच भाऊबंद लेथवेई, त्यात डोक्याची धडकही चालते. लाओसचा मुए लाओ. आणि 'किकबॉक्सिंग' हे नाव? ते १९६० च्या दशकात जपानी प्रवर्तकाने काढलं, यावरूनही थाई मंडळी चिडली होती.

वाद मिटवायला सगळ्यांना चालेल असं एकच प्रादेशिक नाव ठेवू, हा कंबोडियाचा प्रस्ताव थायलंडने मानला नाही. रामायणावरच्या मुखवटानाट्याबाबत मात्र युनेस्कोने २०१८ मध्ये तोडगा काढला: थाई खोन आणि कंबोडियाचं ल्खोन खोल, दोन्ही एकाच बैठकीत, वेगवेगळ्या याद्यांवर. २०२२ मध्ये कंबोडियाने बोकातोर ही आपली जुनी युद्धकलाही नोंदवून घेतली.

डिसेंबर २०२५ मध्ये याच स्पर्धांचं यजमानपद थायलंडकडे आलं. सीमेवर तोफा धडधडत होत्या. स्पर्धा सुरू होताच कंबोडियाने आपला चमू माघारी बोलावला.